पानाची नातीगोती

सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा आवाज खणखणीत होता, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि त्यांच्या वर्गाचे मार्क असे यायचे की शेजारच्या तुकडीच्या सरांनी नुसतं बघत राहावं. म्हणूनच त्या दिवशी वर्गात जे झालं, ते त्यांच्या फार मनाला लागलं.

झालं एवढंच, की धडा वेळेआधी संपला आणि बाईंनी सहज, पुस्तकाबाहेरचा एक प्रश्न टाकला. "झाडाचं पान आणि तुमचा श्वास, यांचा एकमेकांशी काय संबंध?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिला सगळे डिक्शनरी म्हणत, कारण कुठलीही व्याख्या विचारा, स्वल्पविरामासकट तयार. ती ठामपणे म्हणाली, "बाई, पान चौथ्या धड्यात आहे आणि श्वास नवव्या धड्यात. त्यांचा काही संबंध नाही."

सगळ्या वर्गाने मान डोलावली. तिच्यामागे बसणारा मुलगा, ज्याला सदानकदा वाद घालतो म्हणून वकील हे नाव पडलं होतं, तोही या वेळी तिच्या बाजूने उभा राहिला. "शिवाय बाई, चौथा धडा पहिल्या चाचणीला होता. त्याचं काय आता?"

बाई हसल्या खऱ्या, पण घरी जाताना ते हसू विरून गेलं. आपण इतकी वर्षं केलं तरी काय? एकेक धडा बरणीत भरला, झाकण घट्ट लावलं, फळीवर ठेवला. लोणचं मुरायला ठेवावं तसं. या बरणीतलं त्या बरणीत जाता कामा नये, याची काळजीच जणू घेतली.

मागे एका प्रशिक्षणात संकल्पना नकाशा नावाचा प्रकार दाखवला होता, हे त्यांना आठवलं. चौकटींमध्ये शब्द लिहायचे आणि ज्यांचा संबंध असेल त्यांच्यामध्ये बाण काढायचा, म्हणजे मुलांना सगळं एकत्र दिसतं. पण ते सत्र होतं दुपारच्या जेवणानंतरचं. अर्धं बाईंनी ऐकलं होतं आणि अर्धं त्यांच्या मिटल्या डोळ्यांवरून गेलं होतं.

तरी कामाला लागल्या की बाई कोणाला ऐकायच्या नाहीत. मुलाचे स्केचपेन घेतले, पुठ्ठ्याएवढा कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि दोन संध्याकाळी खपून त्यांनी असा देखणा नकाशा काढला, की नवराही म्हणाला, "हा शाळेत कशाला नेतेस? बाहेरच्या खोलीत लावू." वर पिवळा सूर्य, मधे हिरवं पान, खाली माती आणि मूळ, बाजूला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अन्न, श्वास. सगळीकडे तलवारीच्या पात्यासारखे सरळ बाण. एका कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग पडला, पण तेवढं चालायचंच.

नकाशा भिंतीवर लागला. मुलं खूश, बाई खूश. आठवड्याने बाईंनी कोरे कागद दिले आणि सांगितलं, "पान आणि श्वास यांचा संबंध दाखवा."

घरी येऊन त्यांनी गठ्ठा उघडला आणि कपाळावर हात मारला. प्रत्येक कागदावर त्यांचाच नकाशा. तोच सूर्य, तेच पान, तेच बाण. एकाने तर कोपऱ्यात चहाचा डागसुद्धा काढला होता, आणि तो रंगवलाही होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डिक्शनरीला नकाशापाशी उभं केलं. "हा पानाकडून ऑक्सिजनकडे जाणारा बाण. तो काय सांगतो?"

डिक्शनरीने बाण नीट पाहिला. "तिरका आहे, बाई. खालून वर जातो."

मुलांनी नकाशाही पाठ केला होता. बाईंनी तो भिंतीवरून काढला, गुंडाळला आणि कपाटाच्या मागे ठेवून दिला.

तो रविवार मात्र घरच्या माणसांचा होता. धाकट्या दिराचं नुकतंच लग्न झालं होतं आणि नवी जाऊ भेटायची राहिली म्हणून नवऱ्याकडची सगळी मंडळी जेवायला आली होती. घर भरून गेलं. नवी जाऊ बिचारी गोंधळली होती. चष्म्याचं घर आत्यांना द्यायला सांगितलं, ते तिने मावशींना दिलं. मोठ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, ती दोनदा "मामी" म्हणाली. शेवटी स्वयंपाकघरात येऊन बाईंच्या कानाशी लागली. "ताई, मला एकदा लिहून द्या ना कोण कोणाचं ते. माझी अब्रू जाईल."

बाईंनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, गोल काढले, गोलांत माणसं बसवली आणि रेघा ओढल्या. हात त्यात सरावलेलाच होता. एवढ्यात वन्सं पाणी प्यायला आत आल्या. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी कागद पाहिला.

"इथे मी, आणि तिथे ही. मधे नुसती रेघ. पण मी हिची कोण? शेजारीण की घरमालकीण?"

"अहो वन्सं, ते कळतंच की."

"कळतंच तर काढलंस कशाला?"

नवरा दारातून म्हणाला, "लिहून टाक ग, नाहीतर आज काही खरं नाही."

सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. नुसती रेघ काय, कपडे वाळत घालायची दोरीपण असते. नात्याला शब्द लागतो."

बाईंनी रेघेवर लिहिलं, नणंद. मग प्रत्येक रेघेवर लिहीत गेल्या. दीर. भाचा. आत्या. एका कोपऱ्यात सासऱ्यांचा एक नातेवाईक उरला, जो सगळ्या लग्नांना हजर असायचा.

"हे कोण?" जावेने विचारलं.

"ते चुलत," सासूबाई म्हणाल्या.

"कोणाचे चुलत?"

"चुलतच. कुठून तरी असतील. नक्की ठाऊक नसलं की चुलत म्हणायचं."

सगळ्या हसल्या. जावेने कागद हातात घेतला आणि बोट फिरवत वाचायला लागली. "मी ह्यांची बायको. हे आईंचे धाकटे. आईंच्या नणंद म्हणजे आत्या. आत्यांची भाची म्हणजे आपल्या वन्सं." एका दमात तिने अख्खं घर वाचून काढलं आणि चष्म्याचं घर मावशींकडून मागून घेऊन बरोबर आत्यांच्या हातात नेऊन दिलं.

बाई मात्र पेन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या त्या देखण्या नकाशात पानापासून ऑक्सिजनपर्यंत बाण होता, पण पान त्या ऑक्सिजनचं कोण, हे कुठे लिहिलं होतं?

सोमवारी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. वकिलाला उभं केलं. "तू आणि तुझ्या वडिलांची बहीण?"

"आत्या!"

"तू आणि तुझ्या मावशीचा मुलगा?"

"मावसभाऊ. पण सध्या आमचं बोलणं नाही, बाई."

"असू दे. पान आणि श्वास?"

वकील आधी फळ्याकडे, मग छताकडे बघू लागला. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "चुलत!"

वर्ग खदखदून हसला. बाईंनाही हसू आवरेना. त्यांनी फळ्यावर एका टोकाला पान लिहिलं, दुसऱ्या टोकाला श्वास, मधे रेघ ओढली आणि तिच्यावर खरोखरच लिहिलं, चुलत. "बरं. पण कोणाकडून चुलत, ते आज शोधायचं."

बाकं भिंतीला लावली. मुलं गटागटाने जमिनीवर बसली. प्रत्येक गटाला खडू आणि शब्दांच्या चिठ्ठ्या. नियम एकच. चिठ्ठ्या हव्या तशा मांडा, खडूने बाण काढा, पण बाणावर शब्द हवा आणि वाचलं की खरं वाक्य झालं पाहिजे. वाक्य खरं असेल तर ती रेघ सख्खी. खोटं किंवा पोकळ असेल तर चुलत, ती पुसायची.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. एका गटाने लिहिलं, "सूर्य आहे पान." दुसऱ्याने लिहिलं, "माती छान मूळ." "अरे, माती छान आहे हे मान्य, पण ती मुळाला करते काय?" बाई विचारत फिरत होत्या. वकिलाच्या गटात बाणाचं टोक चुकून उलटं निघालं, तेव्हा वकील हात नाचवत ओरडला, "अरे, टोक फिरव! नाहीतर पाणीच मुळाला पिऊन टाकेल!" खडूची भुकटी कोपरांना लागली, गुडघ्यांना लागली, एकाच्या भुवईलाही लागली. ज्या मुलांचा आवाज बाईंनी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता, ती एकमेकांशी मुळावरून आणि मातीवरून भांडत होती.

फक्त डिक्शनरी गप्प होती. तिने आपल्या चिठ्ठ्या धड्यांच्या क्रमाने एका ओळीत, पट्टीने मोजल्यासारख्या लावल्या होत्या. हातातला खडू जमिनीला टेकत नव्हता.

"बाई, बरोबर उत्तर सांगा. मी लिहिते."

"बरोबर नकाशे पुष्कळ निघतील. तू तुझा काढ."

"पण पुस्तकातला कोणता?"

"पुस्तकात नाहीच आहे हा."

तिचा चेहरा पडला. घंटा झाली तेव्हा तिच्या समोरच्या फरशीवर एकही रेघ नव्हती, आणि दप्तर भरताना तिने डोळे बाहीला पुसले. बाकीच्यांना पंख फुटले म्हणून आनंद करावा, तर जी सगळ्यांत उंच उडायची तीच खाली बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हेडसरांचं बोलावणं आलं. खोलीत डिक्शनरीची आई बसली होती. तिचं औषधांचं दुकान होतं, बोलणंही औषधाच्या चिठ्ठीसारखं मोजकं.

"मुलीने काल घरी येऊन दप्तर फेकलं," ती म्हणाली. "आजवर तिने कधी पेन्सिलसुद्धा फेकली नव्हती. म्हणते, मला काहीच येत नाही. मग सगळी पुस्तकं जमिनीवर मांडून बसली. तुम्ही वर्गात नक्की काय चालवलंय?"

हेडसर वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा जीव वेळापत्रकात अडकलेला असायचा. "बाई, पोर्शन कुठवर आलाय?"

"सध्या जमिनीवर आहे, सर," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

हेडसर हसले नाहीत. आई तर मुळीच नाही. "चला, बघू या," हेडसर उठत म्हणाले.

व्हरांड्यातून जाताना बाईंच्या मनात पाल चुकचुकत होती. वर्गाजवळ आल्या तर आतून कलकलाट ऐकू येत होता, आणि त्यात सगळ्यांत वरचा आवाज डिक्शनरीचा. बाई दारातच थबकल्या. बाकं आधीच भिंतीला लागली होती. मधोमध फरशीवर डिक्शनरी गुडघ्यांवर बसली होती, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात खडू, आणि समोर वकील.

बाईंना पाहताच ती ताडकन उठली. मागून आई आणि हेडसरही आत आले हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"बाई, पुस्तक खोटं बोलतंय!"

"काय?"

"चौथा धडा म्हणतो, पान ऑक्सिजन सोडतं. नववा धडा म्हणतो, सगळे सजीव श्वसन करतात, वनस्पतीसुद्धा, आणि ऑक्सिजन घेतात. मला दोन्ही पाठ आहे. शब्दन् शब्द! काल वर्गात बाण काढायला गेले, तर दोन्ही पहिल्यांदाच शेजारी आले आणि बघते तर काय, एक बाण इकडे जातो आणि एक तिकडे, म्हणून खडू टेकवताच आला नाही. एक तर चौथा धडा चुकलाय नाहीतर नववा."

म्हणजे काल ती हरली म्हणून रडली नव्हती. ज्या पुस्तकावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्याने आपल्याला फसवलं म्हणून रडली होती. बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. खुलासा तर त्यांच्या ओठांवर आला होता, पण त्यांनी तो परत आत ढकलला. "मग वकीलसाहेबांचं म्हणणं काय?"

"दोन्ही खरं असेल," वकील म्हणाला. "मीपण वर्गात घेतो आणि सोडतो. खडू घेतो आणि खडू सोडतो."

"पण कशासाठी घेतो?" डिक्शनरी त्याच्यावर धावून गेली. "कारण सांग. नाहीतर रेघ चुलत!"

"आता कारणबिरण..."

"थांब. सोडतं ते अन्न तयार करताना. सूर्यप्रकाश असताना. हे चौथ्यात आहे." ती पुन्हा गुडघ्यांवर बसली आणि खडू चालवायला लागली. "आणि घेतं ते... घेतं ते... अन्न कुठे आहे? अन्नाची चिठ्ठी कुठे गेली?"

सगळा गट रांगत शोधू लागला. बाकांखाली, दप्तरांखाली. "बाई, अन्न सापडत नाही!"

मागे उभी असलेली तिची आई हळूच म्हणाली, "सर, तुमच्या बुटाला लागलंय."

आत येताना हेडसरांचा पाय नकाशावर पडला होता आणि चिठ्ठी बुटाच्या तळाला चिकटून गेली होती. हेडसरांनी एका पायावर उभं राहून, फळ्याचा आधार घेत, अन्न सोडवलं आणि डिक्शनरीच्या हातात दिलं. वर्गाने हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण दोघा-तिघांना ते जमलं नाही.

डिक्शनरीला त्याचं काहीच नव्हतं. तिने ती मळकी चिठ्ठी दोन बाणांच्या बरोबर मधे ठेवली आणि दोन्ही बाणांवरून बोट फिरवलं.

"अन्न," ती पुटपुटली. "श्वसन म्हणजे अन्नापासून ऊर्जा मिळवणं. नववा धडा, पहिला परिच्छेद." मग तिचा आवाज चढत गेला. "म्हणजे चौथ्या धड्यात पान जे कमावतं, तेच नवव्या धड्यात खर्च करतं! कमावताना ऑक्सिजन सोडतं, खर्च करताना घेतं. बाई, दोन पानं नाहीतच! चौथ्यातलं आणि नवव्यातलं, ते एकच पान आहे!"

ते वाक्य तिने असं उच्चारलं, की कोणी हरवलेलं माणूस दारात उभं राहिल्यासारखं वाटावं. वकिलाने खडू खाली ठेवला. "सख्खं," तो म्हणाला. त्याच्याकडून एवढं मिळणं म्हणजे फार झालं.

हेडसरांनी घसा खाकरला. बाईंना वाटलं, आता पोर्शन येणार. पण हेडसर खाली वाकले. "जर ते घेतंही आणि सोडतंही, तर मग आपल्याला उरतं काय?"

डिक्शनरीने मान वर केली आणि तिला हेडसर दिसले. हेडसरांच्या मागे आई दिसली. पण आता ती थांबण्यातली नव्हती. "खर्चापेक्षा जास्त कमावतं, सर, म्हणून. उजेडात घेतं त्याहून पुष्कळ जास्त सोडतं."

"आणि अंधारात?" आईने विचारलं. दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं त्या सुरात.

"अंधारात नुसता खर्च, आई."

"माणसांसारखंच की," आई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

बाहेर आल्यावर हेडसर म्हणाले, "बाई, वेळापत्रक मोडायचं नाही. आठवड्यातला एक तास हवा तर जमिनीवर घ्या. बाकीचे बाकांवर." थोडं पुढे जाऊन ते वळले. "आणि पुढच्या वेळी मला आधी सांगा. दुसरे बूट घालून येईन."

डिक्शनरीची आई मात्र लगेच गेली नाही. ती दाराशी रेंगाळली. "बाई, दुकानात मला रोज लोक विचारतात, ही गोळी त्या गोळीबरोबर चालेल का? एकेका गोळीची माहिती तर पाकिटावरच छापलेली असते. खरी अक्कल लागते ती 'बरोबर' या शब्दाला." "मघाशी जरा जास्तच बोलले मी."

"आई आहात. बोलणारच," बाई म्हणाल्या, आणि मनातून आलं ते बोलून टाकलं, "माझी पण काल झोप उडाली होती."

त्यानंतर वर्ग काही एका दिवसात बदलला नाही. पुढच्या चाचणीत डिक्शनरीचा पहिला नंबर गेला, कारण एका प्रश्नाच्या उत्तरात ती इतकी रमली की शेवटचे दोन राहून गेले. वकिलाचे मार्क वाढले, आणि त्याबरोबर त्याचं बोलणंही वाढलं, म्हणजे फायदा की तोटा हे सांगणं कठीण. इतिहासाच्या सरांनी शिक्षकांच्या खोलीत तक्रार केली, की पोरं आता लढाईचं साल सांगून गप्प बसत नाहीत, "म्हणून पुढे काय झालं?" असं विचारतात. बाईंनी सरांना चहा पाजला आणि चिठ्ठ्यांचा एक कोरा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला.

एका दुपारी मधल्या सुट्टीत डिक्शनरी बाईंना शोधत आली. तिने आरशाचा एक तुकडा हातात धरला होता. त्यावर तिने 'हाऽ' करून श्वास सोडला. आरसा धूसर झाला.

"बाई, आपल्या श्वासात वाफ असते. मग पानातूनही वाफ येते का? हे मला पाठ नाही. म्हणजे कदाचित असेल, पण आत्ता आठवायचं नाहीये. बघायचंय."

बाईंना त्याचं लांबलचक नाव माहीत होतं. ते दातांमागेच ठेवून त्यांनी टेबलाचा खण उघडला, एक पारदर्शक पिशवी आणि थोडा दोरा काढला. दोघी मैदानाकडे निघाल्या. वाटेत वकील चिकटला. कुठे चाललात, कशाला, आणि परवानगी आहे का, असं विचारत तो सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

कुंपणालगतच्या झाडाची एक खालची फांदी त्यांनी निवडली. डिक्शनरीने पानांवर पिशवी अलगद चढवली, वकिलाने दोरा घट्ट बांधला आणि तिने तो सोडून पुन्हा बांधला. मग तिघंही उन्हात बसली. सुट्टी संपत आली तरी पिशवी कोरडीच दिसत होती.

"काही होत नाही," वकील म्हणाला.

"गप्प बस. बघ."

पिशवीच्या आतल्या बाजूला आधी धुकं आल्यासारखं झालं. मग त्या धुक्यात बारीक बारीक ठिपके उमटले, एकमेकांना मिळाले, आणि त्यातला एक थेंब प्लास्टिकवरून घरंगळत खाली आला. डिक्शनरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"हे पाणी आलं कुठून?" वकील पिशवीला नाक लावून म्हणाला. "बाहेरून तर कोणी घातलं नाही."

"मुळातून," डिक्शनरी म्हणाली.

"कशावरून? हवेतलं असेल. पिशवीत हवापण आहे."

"मग रिकामी पिशवी शेजारी बांधून बघू!"

घंटा झाली. तरी दोघं तिथून हलेनात. बाईंनी खण उघडताना दोन पिशव्या उचलल्या होत्या. दुसरी त्यांनी पदराआडून काढून पुढे केली आणि म्हणाल्या, "लवकर बांधा. पुढचा तास गणिताचा आहे, सरांना मी सांभाळते."